तापातल्या लेकराला कसला नियम?

भाद्रपदात आमच्या बेळगावात घरोघरी लेकरं तापानं फणफणतात, आणि नेमकं त्याच दिवसांत आपलं दशलक्षण पर्व येतं. गेल्या वर्षी नात्यातल्या एका घरी रात्री नऊला गेले. पाच वर्षांचा मुलगा, ताप १०२, जीभ कोरडी. 'आज्जी, पाणी' म्हणत होता. आजी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत मला अभिमानानं सांगत होत्या, "दिवस बुडाल्यापासून थेंब घेतला नाही बघा. नियम केलाय त्यानं."

नियम कुणी केलाय? त्याला अजून शंभरापर्यंत आकडे येत नाहीत!

त्याची आई दारात भांडं घेऊन उभी होती. सासूबाई बसलेल्या, म्हणून पुढं येत नव्हती. मी ते भांडं घेतलं आणि पाजलं. त्यावरून दोन घरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न बोलोत.

मी स्वतः तीस वर्षं रात्री जेवत नाही, म्हणून तर बोलते. व्रत घ्यायचं ते समजून, शक्ती बघून. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला व्रत नाही, हे आपल्याच परंपरेत आहे. मग त्याच्या तोंडचं पाणी कुठल्या धर्मानं काढता? मुंगी वाचवायला वाट सोडणारी आपण माणसं!

ताप चढला की अंगातलं पाणी घामातून, श्वासातून जातं; उलट्या-जुलाब असले तर फारच. औषधाचंही तेच. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि दोन मात्रांत चार ते सहा तास जावे लागतात. रात्रीची मात्रा दिवस बुडायच्या आत कोंबून चालत नाही, बायांनो. आणि सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, हलवलं तरी मूल नीट जागं होत नाही, असं दिसलं की घरचे उपाय बस्स. रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखाना गाठायचा.

सोय तर आपल्या चुलीवरच आहे. गाळून उकळलेलं पाणी आपण चोवीस तास वापरतो ना? तेच निवलेलं एक लिटर घ्या, त्यात ओआरएसची लिटरची पुडी घाला. तेही चोवीस तासांनी टाकूनच द्यायचं असतं. उलटी होत असेल तर थोड्या थोड्या वेळानं चमचा-चमचा पाजा.

त्या मुलाची आई परवा बस्तीत भेटली. हळूच म्हणाली, "काकू, आता रात्री उशाशी तांब्या ठेवते." सासूबाईंना ठाऊक आहे का, ते मी विचारलं नाही.