ऑक्झेंडनच्या काकाचे काय करायचे?

शिवराज्याभिषेकाचे चित्र भिंतीवर नाही असे मराठी घर मला सिल्वासात अजून सापडायचे आहे. कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब असले तरी एका भिंतीवर गणपती आणि दुसरीवर हे चित्र असतेच. सिंहासनासमोर कमरेत लवलेला एक टोपीवाला त्यात हटकून असतो. तो हेन्री ऑक्झेंडन. ६ जून १६७४ रोजी रायगडावर हजर असलेला इंग्रजांचा वकील. आमच्या शाळेतला सहावीचा कुठलाही मुलगा हे नाव न अडखळता सांगतो, आणि सांगताना त्याची छाती चांगली दोन बोटे फुगते. फुगावीच.

मग मी पुढचा प्रश्न विचारतो. या ऑक्झेंडनचा काका कोण, आणि तो कुठे आहे? वर्ग गप्प. एकदा हाच प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला, तिथेही सगळ्यांनी चहात लक्ष घातले.

काका आपल्यापासून फार लांब नाही. वापीला गाडीत बसावे, सुरतेला उतरावे आणि रिक्षावाल्याला कतारगाम दरवाजा सांगावा. तिथे इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडन १४ जुलै १६६९ रोजी वारला, तो तिथे आहे. त्याच्या आधी, १६५९ साली, त्याचा भाऊ ख्रिस्तोफर गेला होता. दोघे भाऊ एकाच ठिकाणी आहेत. वर दोन मजली, खांबांची, घुमटाची इमारत, उंची सुमारे चाळीस फूट. लांबून पाहणाऱ्याला ती एखाद्या नबाबाची कबर वाटावी. आणि तसे वाटावे हाच बांधणाऱ्यांचा हेतू असावा. बादशाही मुलखात धंदा करायचा तर मेल्यावरही दबदबा हवा! कापड आणि नीळ खरेदी करायला आलेल्या वाण्यांची ही जाहिरात होती, असे मी मुलांना स्वच्छ सांगतो. साहेबाची भक्ती मला शिकवायची नाही.

पण याच माणसाने जानेवारी १६६४ मध्ये आपल्या राजाला नकार दिला होता. महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्याची दारे लावून आत बसला. शहर उघडे पडले. ऑक्झेंडनने सुवाळी बंदरातल्या जहाजांवरचे खलाशी बोलावले, वखारीची नाकेबंदी केली आणि खंडणी द्यायचे नाकारले. महाराजांनी वखारीपायी वेळ आणि माणसे घालवली नाहीत. त्यांना हवे होते ते शहरात होते. पुढे औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सूट दिली. दहा वर्षांनी याच घराण्यातला पुतण्या नजराणा घेऊन रायगड चढला. तोफा रोखणारा काका आणि लवणारा पुतण्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे त्या दहा वर्षांत स्वराज्य कुठून कुठे गेले ते कळते. नुसता पुतण्या भिंतीवर टांगून ते कळत नाही.

मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मुंबईची. पोर्तुगीजांनी लग्नाच्या तहात दिलेले ते बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले, आणि कंपनीतर्फे त्याचा पहिला कारभार आला तो सुरतेच्या याच जॉर्ज ऑक्झेंडनकडे. ज्या मुंबईसाठी आपल्या माणसांनी पुढे रक्त सांडले, तिच्या कागदांची पहिली घडी या घुमटाखाली मिटली आहे.

गेल्या वर्षी सहलीच्या यादीत मी ही जागा घातली तर पालकसभेत गदारोळ झाला. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "सर, पोरांना गडावर न्या, देवळात न्या. फिरंग्यांच्या मसणात कशाला?" टाळ्या पडल्या. त्यांना आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना माझे उत्तर इथे देतो, कारण सभेत मला बोलू दिले गेले नाही.

सुरतेतल्या महाराजांची जी वर्णने आपण व्याख्यानांत ऐकतो, मध्यम उंची, तेजस्वी चपळ डोळे, चेहऱ्यावर हसू, त्यांचा एक मोठा आधार काय आहे? या वखारीचा पाद्री एस्केलियट याने त्याच महिन्यात इंग्लंडला धाडलेले पत्र. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली इंग्रजांच्या कागदपत्रांचे खंड छापले ते काय फिरंग्यांच्या प्रेमापोटी? त्या अभ्यासकांना ठाऊक होते की शत्रू जे लिहितो ते खुशामतीसाठी लिहीत नाही. त्यांची पत्रे आपल्याला चालतात, पत्र लिहिणारे ज्या मातीत गेले तिचा मात्र विटाळ होतो. हे कसले सोवळे?

दुसरी हरकत अधिक शहाणपणाची होती आणि ती सभा संपल्यावर कानात सांगितली गेली. वर्गात निम्मी मुले गुजराती बोलणाऱ्या घरांतली आहेत, काहींचे आजोळच सुरत. सोळाशे चौसष्ट कशाला उकरता? आपण 'सुरतेवरची मोहीम' म्हणतो, शेजारी 'लूट' म्हणतो, आणि दोघेही जिलबी खाताना तो विषय काढत नाही. या प्रदेशात राहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको. मुकाट्याने हा धडा उरकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. घरी ऐकलेले घेऊन मुले मग मधल्या सुट्टीत भांडतात. माझे म्हणणे एवढेच की जिथे दोन बाजू समोरासमोर बसल्या आहेत तिथे तिसऱ्याची साक्ष काढावी. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहून गेला आहे की कपुचिन पाद्री अँब्रोज याच्या ठिकाणाला हात लागला नाही, आणि डचांच्या एका हिंदू दलालाचे घर, तो हयातीत मोठा दानधर्म करणारा होता म्हणून, महाराजांनी वाचवले. वीरजी व्होरासारख्या बलाढ्य सावकाराची कोठी मात्र लुटली गेली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच फळ्यावर लिहिल्या तर सुरतेचा मुलगाही मान वर करून बसतो आणि साताऱ्याचाही.

जवळच डचांची दफनभूमी आहे. तिथे हेंड्रिक व्हान रेडे हा सरदार आहे. तो १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ जहाजावर वारला आणि सुरतेत पुरला गेला. त्याचे थडगे इंग्रजांवर ताण करण्यासाठी बांधले असे म्हणतात. पाहिल्यावर ते पटते. पण मला तो वेगळ्याच कारणासाठी प्रिय आहे. मलबारच्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ करवला, तो १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर त्याला माहिती देणारे तीन कोंकणी ब्राह्मण होते: रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट. त्यांची कोंकणीतली साक्ष देवनागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेली आहे. छापील पुस्तकात आलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक. मराठीच्या नावाने गळे काढणाऱ्या आमच्या सभांतून ही तीन नावे मी एकदाही ऐकलेली नाहीत.

आणि आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिचे काय? हा नगर हवेली परगणा पोर्तुगीजांच्या हाती पडला तो पेशव्यांबरोबरच्या १७७९ च्या तहामुळे. मराठ्यांच्या आरमाराने धरलेल्या एका जहाजाची ती भरपाई होती. दादरा मुक्त झाले जुलै १९५४ मध्ये, सिल्वासा २ ऑगस्टला. त्या दिवशी सुधीर फडके इथे होते हे आपण अभिमानाने सांगतो. दादऱ्याच्या ठाण्यात मारला गेलेला पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ याचे नाव किती घरांत माहीत आहे? नाव घेतल्याने मुक्तिसंग्राम उणा होत नाही.

आपण जाळणारी माणसे, राख नदीला देतो. बाजीरावांची समाधी नर्मदेकाठी रावेरखेडीला आहे. तिथे जाऊन आलेल्यांनी हात वर करा म्हटले तर आपल्या मंडळाच्या सभेत किती हात वर होतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. स्वतःच्यांकडे जायचे नाही आणि परक्यांकडे जाऊ द्यायचे नाही, असा हा कारभार आहे.

यंदा सहल जानेवारीतच नेणार आहे, महिना मुद्दाम निवडला आहे. या जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, म्हणून भिंतीवर नाव कोरणाऱ्याला परतीच्या गाडीत खिडकी मिळणार नाही. सोबत पोळीभाजी, पाणी आणि वही. ज्या पालकांना मुलांना पाठवायचे नाही त्यांनी तसे लिहून द्यावे. कारणही लिहावे, मराठीत किंवा गुजरातीत. मी ते फाइलला लावणार आहे.