डॉक्टर बदलले, खोकला परत आला

रक्तदाबाची गोळी मी गेली सोळा वर्षे घेतो आहे. कोणती गोळी मला चालत नाही, हे आमच्या जुन्या डॉक्टरांना ठाऊक होते. अडचण एवढीच, की डॉक्टर आता हयात नाहीत आणि त्या गोळीचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.

जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले, त्याच सुमारास हे डॉक्टर पैठणला आले. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाक. आमच्या घरच्या तीन पिढ्या त्या बाकावर बसल्या. "गुरुजी, झोप लागते का?" हा त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न. उत्तर ऐकताना ते माझ्या तोंडाकडे पाहत असत.

गेल्या पावसाळ्यात पहाटे चक्कर येऊ लागली म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलो. शिक्षण जुन्यांपेक्षा अधिक, टेबलावर संगणक. माझा नंबर त्रेचाळिसावा. "काका, काय होतंय?" त्यांनी विचारले. मी सांगू लागलो, पण वाक्य संपण्याआधीच दंडाला पट्टा बांधला गेला. रक्त, लघवी, ईसीजी लिहून झाले. जुनी गोळी बंद, नवी सुरू. पूर्वी काय घेत होतो, काय सोसले नाही, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. संगणकावरची मान वर झाली ती "पंधरा दिवसांनी या" म्हणताना.

आठ दिवसांत कोरडा खोकला सुरू झाला. रात्री उठून बसावे लागे. घरात क्षयाची शंका निघाली, आणि तो शब्द निघाला की घराचा चेहराच बदलतो. पुन्हा गेलो, तर खोकल्याचे औषध आणि छातीचा एक्स-रे. अखेर छत्रपती संभाजीनगरला घाटीत नेले. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "गोळी रामिप्रिल आहे. काहींना तिने कोरडा खोकला येतो. पूर्वी कधी आला होता?" तेव्हा आठवले. बारा वर्षांपूर्वी असाच खोकला झाला होता आणि "ही तुम्हाला मानवत नाही, गुरुजी" म्हणून जुन्या डॉक्टरांनी गोळी बदलली होती. औषध बदलले आणि काही दिवसांत खोकला थांबला.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हा आम्ही शिक्षकांच्या खोलीत त्यावर तावातावाने बोललो होतो. पण ग्राहक आयोगापुढे मी तक्रार तरी कशाची करणार? गोळी मान्यताप्राप्त, रोगाला योग्य. खोकला हा तिचा माहीत असलेला दोष. ऐकून घेतले नाही, याला कोणते कलम लावायचे?

हे ऐकून न घेणे जगभरचे आहे. अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली मोजले, तेव्हा रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडले जात होते. २०१७ साली ६७ देशांतील आकडे एकत्र केले गेले. स्वीडनमध्ये प्राथमिक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतो, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला देश दोन-अडीच मिनिटांच्या आसपास. माझा त्रेचाळिसावा नंबर आठवला, की मला हा आकडा खोटा वाटत नाही. तपासणीची फी रुग्णामागे मिळते, मिनिटामागे नाही. बाकावरची गर्दी कमी न होता डॉक्टरांनी निवांत बोलावे कसे?

नॉर्वेत माणसाच्या नावावर ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या २०२२ सालच्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांत मृत्यूची शक्यता, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळली. आमच्या जुन्या डॉक्टरांची आठवण हा केवळ म्हाताऱ्याचा हळवेपणा नव्हे, एवढे त्यातून मला कळले.

मात्र त्यांचीही एक चूक सांगितली पाहिजे. सारे त्यांच्या डोक्यात होते आणि त्यांच्याबरोबरच गेले. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे. बाकावर बसून औषध नेणाऱ्याचा त्या कलमात उल्लेख नाही. आणि आपणही कसे? लग्नाच्या आहेराची यादी तीस वर्षे जपू, डॉक्टरांची चिठ्ठी औषध संपताच चुलीत.

म्हणून मी शाळेची एक कोरी वही घेतली. गोळ्यांची नावे, कधीपासून, काय सोसले नाही, सगळे लिहिले. रामिप्रिलखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या (ही मास्तरकीची खोड) आणि गेल्या महिन्यात ती नव्या डॉक्टरांपुढे ठेवली. पहिले पान त्यांनी नीट वाचले. "हा खोकला मला आधी सांगायचा ना, काका," म्हणाले. दुसरे पान उलटणार, तोच कंपाउंडरने पुढचा पेशंट आत सोडला.