उतरलेली सूज पुन्हा चढली तर

गेल्या वर्षी क्रिकेट खेळताना आमच्या भाच्याच्या गुडघ्यातली लिगामेंट तुटली. डॉक्टरांनी त्याच्याच मांडीमागचा स्नायूबंध घेऊन नवी लिगामेंट बसवली. सूज उतरू लागली, तो वॉकर धरून घरभर फिरू लागला. आम्ही निश्चिंत झालो.

बाराव्या दिवशी गुडघा पुन्हा फुगला. हात लावला तर गरम, वाकवावा तर कळ, आणि संध्याकाळी अंगात कणकण. आम्ही म्हणालो, व्यायाम जास्त झाला असेल, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ. त्याची अम्मी मात्र अडून बसली, "ज्यांनी ऑपरेशन केलं, त्यांनाच आधी फोन लावा." तिचंच बरोबर निघालं. सांध्यात जंतुसंसर्ग झाला होता.

असा संसर्ग क्वचितच होतो, साधारण शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना. झाला तर बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. पण तो अंगावर काढण्याचा आजार नव्हे. सांध्यात पू राहिला तर हाडांवरची कूर्चा काही दिवसांतच झिजू लागते आणि ती पूर्ववत होत नाही.

डॉक्टरांनी रक्ताची सीआरपी तपासणी केली आणि सुईने गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. आपण आधीच अँटिबायोटिक दिलं असतं, तर त्या पाण्यात जंतू कदाचित सापडलेच नसते आणि नेमकं औषध ठरवणं अवघड झालं असतं. मग दुर्बिणीतून सांधा धुतला. तीन दिवसांनी पुन्हा एकदा धुवावा लागला. लवकर गेल्यामुळे नवी लिगामेंट काढावी लागली नाही. लवकर इलाज झाला तर बहुतेकांची ती वाचते. आधी शिरेतून औषध, मग गोळ्या, असे एकूण सहा आठवडे गेले. ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जखमेवर तेल, हळद, लेप काही लावू नये. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटलं असेल, तर गुस्लच्या वेळी पट्टीवरून मसह करण्याची सवलत आहे. गुडघा वाकत नसेल तर नमाज खुर्चीवर बसून अदा होते. या सवलती घेण्यात संकोच कसला?

ऑपरेशननंतर थोडी सूज, थोडं दुखणं असतंच, पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. दुआ जरूर करा, पण फोनही त्याच वेळी लावा.

अलहम्दुलिल्लाह, भाचा आता मशिदीच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढतो.