गोरिला दिसला, पुढचं कुणी विचारत नाही

काँगोत होतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग गोरिला बघितला का?" माजी सैनिकांच्या मेळाव्यात, लग्नाच्या पंगतीत, अकोटच्या बसस्टँडवरसुद्धा. बघितला. सात-आठ मीटरवरून बघितला. पण त्या दिवसाची गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी आज सांगतो. त्यातून मला एक मत मांडायचं आहे आणि ते काही मित्रांना आवडणार नाही याची कल्पना आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मी लष्करी निरीक्षक म्हणून बुकावूला होतो. आपली ब्रिगेड वर उत्तर किवूत, गोमाला. खाली दक्षिण किवूत पाकिस्तानी ब्रिगेड. निरीक्षकांच्या टीममध्ये मात्र सगळे देश एकत्र. एका सुट्टीच्या दिवशी मी, एक पाकिस्तानी मेजर आणि उरुग्वेचा एक कॅप्टन असे तिघं काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यानात निघालो. बुकावूपासून त्शिवांगाची चौकी तीसेक किलोमीटर. चहाचे मळे संपले की रस्ता चढत जातो आणि जंगल सुरू होतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, तरी उंचीमुळे अंगात जाकीट लागतं.

चौकीवर ब्रीफिंग झालं. मास्क लावायचा, अंतर राखायचं, जास्तीत जास्त एक तास थांबायचं. पुढे रायफलवाला रेंजर आणि त्याच्याही पुढे हातात कोयता घेतलेला वाटाड्या. पन्नाशीचा, बुटका, अंगावर मोठ्या मापाचा गणवेष. तो बात्वा होता, म्हणजे या जंगलातला मूळचा माणूस. बाहेरचे लोक त्यांना 'पिग्मी' म्हणतात, त्यांना तो शब्द आवडत नाही.

तीस वर्षं मी गस्ती केल्या. ईशान्येत केल्या, काश्मीरमध्ये केल्या. इतका चांगला ट्रॅकर माझ्या पाहण्यात नाही. मोडलेल्या बांबूच्या कोंबावरून कळप कधी गेला ते तो सांगायचा. गोरिलांनी रात्री पाल्याची केलेली अंथरुणं त्यानं दाखवली, त्यातली विष्ठा काडीनं उकलून पाहिली आणि दिशा बदलली. वीस मिनिटांत समोर नर. पाठीवर चंदेरी केस, दोनशे किलोच्या आसपासचं धूड, निवांत बसून पाला सोलून खात होता. एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागला. पाकिस्तानी मेजर हळूच म्हणाला, "सर, ये तो हमारे कमांडंट साहब हैं." एक तास कसा गेला कळलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढची अशी.

परतताना सहलीचा दुसरा भाग होता, 'संस्कृती दर्शन'. उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला बात्वांची वस्ती. मातीच्या झोपड्या, शेतीला जमीन नाही, पोरं उघडी. ढोल वाजले, नाच झाला, आम्ही फोटो काढले. पैसे आणणाऱ्या मध्यस्थाच्या हातात दिले. नाच संपल्यावर एक म्हातारी आमच्याजवळ आली आणि काहीतरी बोलली. दुभाषा आधी सांगायला तयार नव्हता. आग्रह केल्यावर म्हणाला, "ती म्हणते, तुम्ही आत जाऊन आलात. मी तिथे जन्मले, मला जाता येत नाही."

आम्ही तिघेही गणवेषातले लोक. कुणालाच उत्तर सुचलं नाही.

नंतर मी माहिती काढली. हे उद्यान 1970 मध्ये झालं. त्यासाठी झटणारे बेल्जियन गृहस्थ एड्रियन डेश्रायव्हर यांना गोरिलांपर्यंत नेणारे वाटाडेही बात्वाच होते. 1975 मध्ये उद्यान वाढवून सुमारे 6,000 चौरस किलोमीटरचं केलं. त्या दशकात हजारो बात्वांना बाहेर काढलं. त्यांची संमती घेतली नाही, भरपाई नाही, बदल्यात जमीन नाही. 1980 मध्ये उद्यान जागतिक वारसा झालं.

माणसं काढून गोरिला तरी वाचले का? या जातीचे, म्हणजे पूर्वेकडच्या सखल भागातले गोरिला, 1990 च्या दशकात सुमारे 17,000 होते असा अंदाज आहे. 2016 चा अंदाज 3,800 वर आला. नंतर अधिक भागात पाहणी झाली तेव्हा 2021 मध्ये तो 6,800 झाला. कोणताही आकडा धरा, घसरण भयंकर आहे. ती घडवली युद्धानं, बंदूकधारी टोळ्यांनी, आणि तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोल्टनच्या खाणींनी. खाणकामगारांना मांस लागतं, ते जंगलातूनच येतं. कोयता आणि जाळं घेऊन शिकार करणाऱ्या बात्वांनी ही घसरण घडवलेली नाही.

दुसरी बाजूही सांगतो. रेंजर मला परके नाहीत. तुटपुंज्या पगारावर टोळ्यांपुढे उभे राहतात आणि मरतात. शेजारच्या विरुंगा उद्यानात एप्रिल 2020 मध्ये एकाच हल्ल्यात बारा रेंजर मारले गेले. आणि ऑक्टोबर 2018 मध्ये बात्वा पुन्हा काहुझी-बिएगात शिरले तेव्हा काही ठिकाणी झाडं तुटली, कोळसा पाडला गेला, काहींनी टोळ्यांशी हातमिळवणीही केली. म्हणजे सगळे बात्वा संत आहेत असं मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षं हक्काशिवाय रस्त्याकडेला ठेवलेला माणूस परत आल्यावर पहिल्या दिवसापासून वनरक्षक होईल, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची? 2017 मध्ये औषधी वनस्पती आणायला आत गेलेल्या बाप-लेकावर गोळीबार झाला, त्यात सतरा वर्षांचा मुलगा गेला. त्या वस्तीतून रेंजरला टोळीची खबर कोण देणार?

हा मुद्दा आपल्याला समजायला हवा, कारण आपण तो रक्त सांडून शिकलो आहोत. ज्या गावाला शत्रू केलं, त्या गावावरून गस्त कधी सुखरूप गेली नाही. जिथे गावकऱ्यांशी नीट वागलो, तिथे रात्री दारावर टकटक करून बातमी आली. जंगल राखणं हेही भूभाग राखण्याचंच काम आहे. तिथला माणूस आपल्या बाजूला नसेल तर रायफली वाढवून उपयोग नाही.

काँगोतच दुसरं उदाहरण आहे. इतुरीच्या जंगलातलं ओकापी अभयारण्य 1992 मध्ये झालं, पण तिथे म्बुती आणि एफे लोकांना राहायला आणि पारंपरिक पद्धतीनं शिकार करायला मुभा ठेवली. तिथेही टोळ्या आहेत, खाणी आहेत, सगळं आलबेल नाही. पण निदान मूळच्या माणसाला पहिल्या दिवशीच गुन्हेगार ठरवलं नाही. आणि 2024 मध्ये जाहीर झालेल्या निकालात आफ्रिकी मानवाधिकार आयोगानं काहुझी-बिएगाच्या बात्वांच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे म्हातारीचं म्हणणं खरं होतं.

मी अकोटचा. आमच्या तालुक्यात मेळघाटातून उठवलेली कोरकू गावं आहेत. बात्वा परत जंगलात शिरल्यावर तीनच महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, आमच्याकडचे काही कोरकूही परत गेले आणि सरकारी माणसांशी संघर्ष झाला, दोन्हीकडचे जखमी झाले. आपल्याकडे मोबदला मिळतो, 2006 चा वनहक्क कायदा आहे, हा फरक मोठा आहे. त्याच कायद्याखाली 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण बस भरून वाघ बघायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण विचारतात, इथे आधी कोण राहत होतं?

सध्या काहुझी-बिएगाला जायचा विचारही करू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये बुकावू बंडखोरांच्या हाती गेलं. त्या वाटाड्याचं काय झालं असेल, असा विचार हल्ली बातम्या पाहताना येतो. पण शांतता कधी तरी येईल, आणि आपली पोरं आता हौसेनं आफ्रिकेत जातात. जाताना कंपनीला दोन गोष्टी विचारा: वाटाड्या स्थानिक आहे का, आणि नाचणाऱ्यांच्या हातात थेट किती पैसे पडतात? उत्तर टाळलं तर दुसरी कंपनी शोधा.

गोरिलाचा फोटो माझ्या बैठकीत लावलेला आहे. म्हातारीचा फोटो मी काढला होता, तो लावायची हिंमत झाली नाही. या दिवाळीत लावणार आहे. मग कुणी गोरिलाबद्दल विचारलं की पूर्ण गोष्ट सांगावी लागेल.

जय हिंद.