तक्रारपेटीची किल्ली तुरुंगाबाहेर हवी

महिला तुरुंगात पहारा बायकांचाच असला की कैदी बायका सुरक्षित, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यावर कुणी वादही घालत नाही. तो घालायला हवा. २३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला तुरुंगात सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. जाब मंजुळा शेट्येला विचारला गेला. ती स्वतः शिक्षा भोगणारी कैदी, पण वॉर्डर म्हणून नेमलेली. त्यानंतर तिला बेदम मारहाण झाली, असं बरोबरच्या कैद्यांनी सांगितलं. त्याच दिवशी ती गेली. तुरुंगातल्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. सहाही बायका.

मग १९८३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठडीतल्या बायकांवर महिला पोलिसांचाच पहारा हवा असं सांगितलं, ते चुकलं का? मुळीच नाही. तो धोका खरा होता, आजही आहे. पण हातातल्या काठीचा हिशेब कुणालाच द्यायचा नसेल, तर ती काठी बाईच्या हातातही तितकीच लागते.

‘एखादीच वाईट निघते’ हा बचाव सहा जणींच्या आरोपपत्रापुढे टिकत नाही. ‘गुन्हेगारच ना त्या’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की न्यायालयाने कैद सुनावलेली असते, मार नव्हे. आणि कच्च्या कैद्यांना तर अजून काहीच सुनावलेलं नसतं.

‘कैदी कांगावा करतात’ हा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा. तक्रार करणारी बाई रात्री त्याच बराकीत झोपते. तिची मुलाखत, मनीऑर्डर, औषध, पाळीच्या दिवसांतले पॅड, माफीच्या दिवसांची शिफारस, सगळं ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातांतून जातं. सहा वर्षांखालचं मूल जवळ असेल, तर त्याचं दूधसुद्धा. एवढं पणाला लावून ती खोटं कशासाठी बोलेल? उलट खरं बोलण्याची किंमत काय असते, ते भायखळ्यातच दिसलं. मंजुळाच्या मृत्यूनंतर कैदी बायकांनी आवाज उठवला, तर सुमारे २०० जणींवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला.

मनुष्यबळ कमी आहे, ही प्रशासनाची तक्रार मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून कैद्यांनाच वॉर्डर करायचं, आणि पाव कमी भरले की वरून त्यांनाच धरायचं, हा न्याय नव्हे. कैद्याला शिस्तीचे अधिकार देऊ नयेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

करायचं काय, हे नव्याने शोधायचीही गरज नाही. वॉर्डरने केलेल्या छळाबद्दल एका कैद्याने लिहिलेल्या पत्रावरून सुनील बत्रा खटला उभा राहिला. तेव्हाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाने ठेवाव्यात व उघडाव्यात. म्हणजे किल्ली तुरुंगाबाहेर. ती तशी प्रत्येक महिला तुरुंगात असली पाहिजे. न्यायाधीशांनी न कळवता यावं, आणि बायकांशी बोलताना एकही तुरुंग कर्मचारी ऐकू येईल इतक्या अंतरावर नसावा. कोठडीतल्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी कायद्यानेच बंधनकारक आहे. मृत्यूआधीच्या प्रत्येक थपडेचीही बाहेरच्या माणसाकडून चौकशी व्हावी. आणि साक्ष देणारी कैदी, खटला संपेपर्यंत तरी, आरोपींच्या सहकाऱ्यांच्या ताब्यात राहू नये.