ती ओरडली का नाही?

प्रथम सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्ही दोघे गेली अनेक वर्षे वाटून घेत आलो आहोत. यंदा अकरावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत 'मी दाखवलेले धैर्य' असा निबंध होता. विषय आम्हीच काढलेला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण निबंध वाचताना असे वाटू लागले की या एका तुकडीने इतके चोर आणि पाकीटमार धरले आहेत की तालुक्याच्या पोलीस ठाण्याला आता काही कामच उरू नये.

त्यांत एका मुलीचा निबंध निराळा होता. आईवडील लग्नाला परगावी गेलेले, घरात आजी, धाकटा भाऊ आणि ती. रात्री मागच्या दाराची कडी सरकली, कुणी तरी आत आले. ती जागी होती. तिने भावाच्या तोंडावर हात ठेवला आणि झोपलेल्या माणसाचा श्वास जसा संथ चालतो तसा आपला श्वास चालवला. कपाट उघडल्याचा आवाज झाला. पावले मागच्या दाराकडे गेली. त्यानंतर तिने मनातल्या मनात शंभरापर्यंत आकडे मोजले, उठून दार आतून लावले आणि शेजाऱ्यांना फोन केला. निबंधाचे शेवटचे वाक्य असे: 'मी काहीच केले नाही.'

आमच्यांपैकी एकाने त्या निबंधाला २० पैकी ८ गुण दिले आणि समासात शेरा लिहिला, 'विषयाला धरून नाही. यात धैर्य कुठे आहे?' दुसऱ्याला तो शेरा मुळीच पटला नाही. प्राध्यापक कक्षात सुरू झालेला वाद चहाच्या टपरीपर्यंत गेला आणि तिथेही संपला नाही. म्हणून हे टिपण.

तो शेरा काही आकाशातून पडला नव्हता. आमची पिढी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढली. फुरसुंगीचा बनेश पुण्याला शिकायला येतो, सायकलवर टांग मारतो, बदमाशांच्या मागे लागतो आणि त्यांना धरून देतो. त्या पुस्तकांवर आमचे अजूनही प्रेम आहे, त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पण धाडसाचे जे व्याकरण आमच्या मनात त्या वयात बसले त्यात क्रियापद नेहमी गतीचे असे: धावणे, झेपावणे, पकडणे. निश्चल पडून राहणे हे त्या व्याकरणात क्रियापदच नव्हते.

सार्वजनिक गौरवाची रीतही तशीच आहे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, तेव्हा हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या बालवीराने वर चढून आपल्या चाकूने जळते कापड कापून टाकले. पंडित नेहरू तिथे उपस्थित होते. मुलांसाठीच्या राष्ट्रीय शौर्य पुरस्कारांचा उगम त्या घटनेत आहे. पुढे १९७८ साली दिल्लीत अपहरण होऊन मारल्या गेलेल्या गीता आणि संजय चोप्रा या किशोरवयीन भावंडांच्या नावेही पुरस्कार सुरू झाले. ती दोघे अपहरणकर्त्यांशी अखेरपर्यंत झगडली. त्यांच्या शौर्याबद्दल कुणाच्या मनात किंतु असण्याचे कारणच नाही. मात्र जी मुले न झगडता जिवंत राहिली त्यांच्या नावाचा पुरस्कार कुठेही नसतो. समितीपुढे ठेवायला त्यांच्याजवळ घटनाच नसते.

वादात आम्हांला ज्या प्रकरणाने सर्वांत अधिक अडवले ते आपल्याकडचे नव्हे. ५ जून २००२ च्या पहाटे अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी शहरात एक माणूस चाकू घेऊन एका घरात शिरला आणि एलिझाबेथ स्मार्ट या चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या शय्येवरून उठवून घेऊन गेला. ओरडलीस तर तुला आणि घरच्यांनाही मारीन, अशी धमकी होती. ती ओरडली नाही. नऊ महिन्यांनी, १२ मार्च २००३ रोजी, ती जवळच्याच सँडी गावात रस्त्यावर सापडली. तेव्हाही पोलिसांनी विचारल्यावर तिने आरंभी स्वतःचे खरे नाव सांगितले नाही. तेव्हापासून तिला वारंवार एकच प्रश्न विचारण्यात आला: तू ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस? वरवर हा कुतूहलाचा प्रश्न दिसतो, पण समासातल्या आमच्या शेऱ्याचाच तो इंग्रजी अवतार आहे. प्रश्न विचारणारा उजेडात, दाराला कडी लावून बसलेला असतो, हे तो विसरतो.

त्या नऊ महिन्यांत तिने केले ते पाहावे. अपहरणकर्ता स्वतःला ईश्वराचा प्रेषित म्हणवीत असे. तो तिला कॅलिफोर्नियात घेऊन गेला होता. आपण युटाला परतावे असे ईश्वराच्या मनात दिसते, तुम्हीच त्याला विचारून पाहा, अशा आशयाचे तिने त्याला सुचवले आणि त्याच्याच वेडाच्या दोरीने त्याला आपल्या गावाकडे ओढून आणले. पुढे न्यायालयात तिने त्याच्यासमोर साक्ष दिली. डिसेंबर २०१० मध्ये तो दोषी ठरला आणि २०११ साली त्याला जन्मठेप झाली.

त्या रात्री त्याच खोलीत तिची नऊ वर्षांची बहीण मेरी कॅथरीन होती. ती झोपेचे सोंग घेऊन पडून राहिली. भीतीने तिला बराच वेळ उठता आले नाही. मग उठून तिने आईवडिलांना सांगितले. पण पडल्यापडल्या तिने ऐकले होते. तो आवाज आपल्या ओळखीचा आहे हे तिच्या मनात रुतून राहिले, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये तिला अचानक नाव आठवले: 'इमॅन्युएल', त्यांच्या घरी एक दिवस डागडुजीला आलेला माणूस. शोधाला खरी दिशा या आठवणीने मिळाली.

साहित्याच्या अध्यापकांनी याचे उत्तर खरे म्हणजे आपल्याच शास्त्रात शोधायला हवे होते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, एवढे आम्ही विद्यार्थ्यांकडून दरवर्षी घोकून घेतो. पण नाट्यशास्त्रात भरताने वीराचे जे विभाव मोजले आहेत त्यांच्या आरंभी बल नाही, पराक्रमही नाही. आरंभी आहे असंमोह, म्हणजे गोंधळून न जाणे. मग अध्यवसाय, नय, विनय. बल आणि पराक्रम त्यानंतर. अनुभावांतही स्थैर्य आणि धैर्य शौर्याच्या आधी येतात. या क्रमाला भरताने किती अर्थ दिला असेल यावर वाद होऊ शकतो, यादीचा क्रम म्हणजे सिद्धान्त नव्हे. परंतु शंभरापर्यंत आकडे मोजणारी मुलगी त्या यादीत बसते, हे तरी मान्य करावे लागेल.

शेरा लिहिणाऱ्याचा आक्षेप मात्र साधा नाही, आणि तो इथे नोंदवला पाहिजे. भयाने शरीर गोठते. त्यात निवड नसते, आणि जिथे निवड नाही तिथे धैर्य कसले? अशा रीतीने प्रत्येक घाबरलेल्याला शूर म्हणू लागलो तर त्या शब्दात काय उरेल? हा आक्षेप आम्हां दोघांनाही निम्मा मान्य आहे. गोठणे हे शौर्य नव्हे. पण ते भित्रेपणही नव्हे. शिंक आल्याबद्दल जसा कुणाचा गौरव वा निषेध करीत नाहीत तसेच ते. पाहायचे ते हे की त्या गोठलेल्या शरीराच्या आत मन काय करीत होते. भावाच्या तोंडावर ठेवलेला हात गोठलेला नव्हता. श्वास मुद्दाम संथ केलेला होता. तो गेला असे वाटताच न उठता शंभर मोजणे, हा तर निखळ निर्णय आहे, आणि आमच्या मते निबंधातील सर्वांत धैर्याची जागा तीच आहे.

कायद्याने हा प्रश्न आपल्यापेक्षा समंजसपणे हाताळलेला दिसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, खाजगी संरक्षणाचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो, ठरवून दिलेल्या मर्यादांत, त्याच्या प्राणांपर्यंतही जाऊ शकतो. पण तो हक्क आहे. चोराशी झटापट केलीच पाहिजे असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते कलम आपण निबंधाच्या विषयांत आणि आपल्या शेऱ्यांत लिहून ठेवले आहे. सोळा वर्षांच्या मुलाला चाकूसमोर उभे राहण्याची वेळ आलीच, तर त्याच्या कानात आपला हा शेरा वाजत असू नये असे आम्हांला वाटते.

उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांना दाखवण्याआधी शेरा खोडला. गुण किती वाढवावेत यावर पुन्हा घासाघीस झाली आणि १५ वर तडजोड झाली. शुद्धलेखनाचा कापलेला गुण मात्र कापलेलाच राहिला. 'धैर्य' हा शब्द तिने दोन्ही ठिकाणी 'ध्यैर्य' असा लिहिला होता.