चाकणची लाइन थांबली की फोन येतो, पण कोड लिहिणाऱ्याचं ऐकतं कोण?

शुक्रवारची दुपार. जुम्याच्या नमाजेनंतर पिंपरीतल्या एका मशिदीबाहेर आम्ही एका बाप-लेकाशी बोलत उभे होतो. वडिलांची सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली, आता निवृत्त आहेत. मुलगा हिंजवडीत प्रोग्रामर. चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी तो सॉफ्टवेअर लिहितो. कोणता माल कोणत्या ट्रकमध्ये चढणार, त्यावर कोणतं बारकोड लेबल लागणार, हे त्याचा प्रोग्राम ठरवतो. बोलता बोलता फोन वाजला. लेबल छापत नाहीये, गाडी गेटवर उभी आहे, लगेच बघ. पोरगा तिथेच पायरीवर बसला आणि लॅपटॉप उघडला.

वडील हळूच म्हणाले, "आमच्या प्रेसला लाल बटण होतं, साहेब. काही चुकतंय असं वाटलं की मी दाबायचो. मशीन बंद. मग सुपरवायझर येऊ दे, नाहीतर मॅनेजर. याच्या कामाला तसलं बटणच नाही."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. आयटीवाल्यांच्या तक्रारींना आपण हसतो. एसीत बसायचं, पगार चांगला, मग रडायचं कशाला? पण त्या मुलाचा रोजचा दिवस ऐका. सकाळी लॅपटॉप उघडला की अपडेट सुरू, अर्धा तास गेला. मग मीटिंग, आणि त्या मीटिंगमध्ये काय ठरलं हे सांगायला दुसरी मीटिंग. हातात आलेला कोड दहा वर्षांपूर्वीचा. लिहिणारा कधीच सोडून गेलाय आणि लिहून ठेवलेलं काही नाही. साहेबांचं म्हणणं, "छोटासा बदल आहे, संध्याकाळपर्यंत होईल ना?" तो सांगतो, तपासायला दोन दिवस लागतील. उत्तर येतं, ग्राहकाला तारीख दिलीय. बिघडलं की मात्र फोन यालाच.

ही एका मुलाची कुरकुर नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा आज अशाच कोडवर चालतो. इथे गोदामात ढीग लावून ठेवत नाहीत. भाग वेळेवर येतो आणि थेट लाइनवर जातो. त्यामुळे एक सर्व्हर अडला की लाइन अडते. जपानमध्ये २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे सर्वच्या सर्व १४ कारखाने थांबले. सुरुवातीला सायबर हल्ल्याची शंका आली. कारण निघालं साधं. दोन दिवस आधी देखभालीचं काम करताना सर्व्हरच्या डिस्कमध्ये जागा कमी पडली होती. पर्यायी सर्व्हरही त्याच व्यवस्थेचा भाग असल्याने तोही उपयोगाला आला नाही.

योगायोग बघा. याच टोयोटाने साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार दिला आणि जगभरच्या कारखान्यांनी तो धडा गिरवला. आपल्या पट्ट्यातही तो पोहोचला. मात्र कारखान्याच्या मजल्यावर रुजलेली ही रीत सॉफ्टवेअरच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नाही. तिथे "थांबा, हे अजून तयार नाही" म्हणणारा पोरगा अडचणीचा ठरतो.

थांबवता न येण्याची किंमत किती मोठी असू शकते? फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणमध्येच आहे, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की या कंपनीच्या डिझेल गाड्यांत एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. गाडीची चाचणी चालू आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर आली की गाडी पुन्हा विषारी वायू सोडायला मोकळी. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे होतं. भारतातही डिसेंबर २०१५ मध्ये ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. या प्रकरणात जेम्स लियांग या अभियंत्याला अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद सुनावली. वरून आदेश होता, एवढं म्हणून तो सुटला नाही.

म्हणजे कोड ही अमानत आहे. वजनात काटा मारणं आणि प्रोग्राममध्ये खोटी ओळ टाकणं यात फरक काय? आपल्या घरात हलाल रोजीची चर्चा होते ती व्याज, दारू, भेसळ यांवर. मुलगा जो प्रोग्राम लिहितो तो लोकांना फसवतो का, हा प्रश्नही आता घरात विचारला गेला पाहिजे.

पण नोकरीच धोक्यात असेल तर "नाही" म्हणायची हिंमत कुठून येणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरची माणसं होती. म्हणजे घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया चालू असलेल्या वयाची. कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती वेगळीच. अशा हवेत माणूस मान खाली घालतो आणि सांगितलं ते करतो. कच्चा कोड पुढे जातो तो असाच.

कायदा अगदीच गप्प आहे असंही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठेवली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली, पण जादा तासांना दुप्पट मोबदला हे तत्त्व कायम आहे. व्यवस्थापकीय पदं यातून वगळलेली आहेत. मात्र नुसतं "लीड" असं नाव लागलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. प्रत्यक्ष काम काय, हे बघितलं जातं.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. कंपनीने काढलं तर नोटीस आणि भरपाईचा प्रश्न येतो. स्वतः राजीनामा दिला तर तो येत नाही. म्हणूनच अनेकदा बंद खोलीत बोलावून "तुम्हीच राजीनामा द्या" असं सांगितलं जातं. घाबरून त्याच क्षणी सही करू नका. विचार करायला वेळ मागा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ईमेल घरी जपून ठेवा. आयटीवाल्यांची बाजू घेऊन कामगार खात्याकडे जाणारी नाइट्स ही संघटना आपल्या पुण्यातच आहे. वडील कारखान्यात युनियनचे सभासद होते आणि मुलाला संघटना म्हटलं की लाज वाटते, हे काही बरोबर नाही.

पालकांना आमचं सांगणं आहे. पोरगा किंवा पोरगी आयटीत लागली की आपण पेढे वाटतो, नंतर फक्त पगार विचारतो. रात्री अकराला फोन आला की "एवढं काय काम असतं?" म्हणून चिडतो. त्याऐवजी विचारा, आज काय अडलं? कुणी चुकीचं काही करायला लावलं का? आणि घरखर्च असा ठेवा की तीन-चार महिने पगार नसला तरी चूल पेटेल. हप्त्यांनी गळा आवळलेल्या मुलाकडून खरं बोलण्याची अपेक्षा कशी करायची?

आपल्यातले जे मॅनेजर आहेत, छोट्या कंपन्यांचे मालक आहेत, त्यांनीही एवढं करावं. तुमचा प्रोग्रामर "अजून तपासायचं आहे" म्हणाला तर त्याला एक दिवस द्या. प्रेस शॉपमध्ये लाल बटण दाबणाऱ्याला कोणी कामचुकार म्हणत नव्हतं.

मशिदीच्या पायरीवरचा तो मुलगा पाऊण तासाने उठला. लेबल छापायला लागलं होतं, ट्रक निघाला होता. आम्ही विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, "गेल्या महिन्यात मी ईमेल लिहून सांगितलं होतं, हे बंद पडणार आहे म्हणून." त्या ईमेलला उत्तर आलं नव्हतं.